रोगी सापडला, घरच्या माणसांचे काय?

२०२५ साल आले आणि गेले. आपल्या देशाने या सालाशी एक प्रतिज्ञा बांधून ठेविली होती. मार्च २०१८ मध्ये दिल्लीस भरलेल्या क्षयनिर्मूलन परिषदेत पंतप्रधानांनी असे जाहीर केले की, जगाने या कार्यासाठी २०३० ची मुदत घातली असली तरी भारत ते पाच वर्षे आधीच, म्हणजे २०२५ मध्ये, तडीस नेईल. राष्ट्रीय योजनेत त्याचा हिशेबही मांडलेला होता. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी नव्याने आजारी पडणाऱ्यांची संख्या ४४ वर आणावयाची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१५ मध्ये ती २३७ होती; २०२४ मध्ये ती १८७ होती. उतार पडला आहे आणि तो जगाच्या सरासरीहून वेगाचा आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु १८७ आणि ४४ यांच्यामधली दरी कोणत्याही प्रसिद्धिपत्रकाने बुजणारी नाही, आणि जगातील दर चार क्षयरोग्यांमागे एक आजही भारतात आहे हेही खोटे नाही.

मुदत हुकली म्हणून सरकारवर कोरडे ओढणे सोपे आहे. ते काम करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस आज एक निराळाच, दिसावयास लहान परंतु या अपयशाच्या मुळाशी जाणारा प्रश्न विचारावयाचा आहे. गेल्या काही वर्षांत रोगी हुडकून काढण्यावर सरकारने मोठा भर दिला. ७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत १०० दिवसांची मोहीम निघाली, हातात उचलून नेता येण्याजोगी क्षकिरण यंत्रे वस्त्यावस्त्यांतून फिरली, बेडक्याच्या तपासणीचा निकाल काही तासांत हाती येऊ लागला. हे सर्व योग्यच झाले. पण रोगी सापडला, त्याचे नाव नोंदले गेले, त्याची औषधे सुरू झाली, यानंतर त्याच्या घरातल्या चार-पाच माणसांचे काय होते? त्यांना कोणी भेटते काय? भेटले तर काय सांगते? आणि सांगितल्यावर पुढे कोण पाहते?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी या रोगाचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. तो जंतू छातीत शिरला की माणूस आजारी पडलाच, असे होत नाही. बहुतेकांचे शरीर त्याला कोंडून ठेविते. जंतू मरत नाही, पण त्याचे काही चालतही नाही. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, त्याच्यापासून दुसऱ्याला बाधाही होत नाही. यालाच सुप्त संसर्ग म्हणतात. जगातील सुमारे चौथा हिस्सा लोक या स्थितीत असावेत असा अंदाज आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण शेकडा ३१ च्या घरात आढळले. म्हणजे हा अग्रलेख वाचणाऱ्या दर तिघांपैकी एकाच्या छातीत हा बिनबोलावता पाहुणा मुक्काम ठोकून बसला असण्याचा संभव आहे. वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. अशा १०० जणांपैकी ९० ते ९५ जणांना आयुष्यात कधीही क्षय होत नाही. उरलेल्या ५ ते १० जणांना होतो, आणि त्यांनाही धोका सर्वांत अधिक असतो तो संसर्गानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. लहान मुले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली आहे अशी माणसे यांच्या बाबतीत तो कितीतरी पटींनी वाढतो.

तेव्हा तिसरा हिस्सा जनतेला औषध पाजीत सुटणे शक्यही नाही व शहाणपणाचेही नाही. शोधावयाची आहेत ती नुकता संसर्ग झालेली माणसे. ती कोठे सापडतील हे सांगावयास ज्योतिषी नको. नव्याने सापडलेल्या रोग्याच्या घरातच ती बसलेली असतात.

हे ज्ञान आपणांस परदेशातून आणावे लागले, असेही नाही. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधनकेंद्र निघाले. सॅनिटोरियमवाचून क्षय बरा होत नाही अशी त्या काळी समजूत होती. मिरज-पाचगणीची नावे आमच्या मध्यमवर्गीय घरांत कोणत्या धास्तीने घेतली जात ते जुन्या पिढीला आठवत असेल. वॉलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवले व काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष बाहेर आला: घरी औषध घेणारेही तितकेच बरे झाले. साऱ्या जगाने हा धडा उचलला. पण त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष, जो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, तो तितकासा कोणाच्या ध्यानात राहिला नाही. रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांना अधिक लागण झाली नाही, तसा तो दूर गेला म्हणून घरचे वाचलेही नाहीत. कारण उघड होते. जी बाधा व्हावयाची ती रोगाचे निदान होण्यापूर्वीच, खोकल्याच्या त्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत, होऊन गेलेली असे. याचा अर्थ असा की, रोग्याच्या निदानाचा दिवस हाच घरच्यांच्या काळजीचाही पहिला दिवस धरला पाहिजे. मद्रासच्या धड्याच्या पहिल्या भागाने आपण सॅनिटोरियमे बंद केली. दुसरा भाग फायलीत राहिला.

काळजी म्हणजे काय करावयाचे, तेही जुनेच आहे. आयसोनियाझिड हे औषध १९५२ मध्ये क्षयावर वापरात आले. १९५७ च्या अखेरीस अमेरिकेतील जॉर्ज कॉमस्टॉक या डॉक्टरांनी अलास्कातील बेथेल भागात एक प्रयोग आरंभिला. तेथील खेडुतांत क्षयाने भयंकर थैमान घातले होते. काही घरांतील लोकांना वर्षभर आयसोनियाझिड दिले, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. औषध मिळालेल्यांत क्षयाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले आणि ते संरक्षण १९ वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसून आले. मग ज्यांना दिखाऊ गोळ्या मिळाल्या होत्या त्यांनाही खरे औषध देण्याचे ठरले, तेव्हा या डॉक्टरांनी ते स्वतः घेतले व आपल्या बायकामुलांनाही दिले. निरोगी माणसाला औषध घ्या म्हणून सांगणाऱ्याने प्रथम काय करावे याचा हा वस्तुपाठ होय. त्यानंतर औषधक्रम पुष्कळ सोपे झाले. आज सहा महिने रोज आयसोनियाझिड घेता येते, किंवा आयसोनियाझिड व रिफापेन्टिन यांचा आठवड्यातून एकदा याप्रमाणे केवळ १२ मात्रांचा क्रम घेता येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हा १२ मात्रांचा क्रम शेकडा ८२ लोकांनी पुरा केला; नऊ महिन्यांचा जुना क्रम पुरा करणारे शेकडा ६९ होते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या बाबतीतही, ज्याचे मुंबई हे जुने ठाणे आहे, व्हिएतनाम व दक्षिण आफ्रिकेतील चाचण्यांनंतर २०२४ मध्ये घरच्यांसाठी लिव्होफ्लॉक्सासिनचा उपाय मान्य झाला. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये नवे मार्गदर्शन काढून, पूर्वी केवळ लहान मुलांपुरती असलेली ही सोय घरातील सर्व वयाच्या माणसांसाठी खुली केली. कागदावर तरी काही उणे राहिलेले नाही.

मग उणे कोठे आहे? याचे उत्तर एका हिशेबात मिळते. २०१६ मध्ये काही संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील ५८ अभ्यास, म्हणजे सुमारे साडेसात लक्ष माणसांची माहिती, एकत्र करून पाहिली. ज्यांना या उपचाराची गरज होती अशा दर १०० माणसांचा पाठपुरावा केला तर तपासणी पुरी झालेले निघाले ७२. डॉक्टरांनी नीट पाहून निर्णय घेईपर्यंत पोचले ४४. औषध घ्या, असे ज्यांना कोणी सांगितले ते ३५. आणि औषधक्रम पुरा केलेले १९. वाचकांनी या आकड्यांवर क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. क्षयाची गोष्ट निघाली की, रोगी औषध अर्ध्यावर टाकतात, लोक अडाणी आहेत, ऐकत नाहीत, असे सरकारी दवाखान्यापासून दिवाणखान्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. हा हिशेब काय सांगतो? गळालेल्या ८१ जणांपैकी ६५ जण औषधाचे नाव कानी पडण्यापूर्वीच गळाले! त्यांना कोणी गोळी दिलीच नव्हती, तर ती त्यांनी टाकावी कशी? दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे.

या गळतीचे रूप आपल्या शहरात कसे असते ते पाहू. समजा, गोवंडीच्या एखाद्या एका खोलीच्या बिऱ्हाडात कर्त्या पुरुषाला क्षय निघाला. घरी बायको, म्हातारी आई, दहावीतली मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. कोणी आरोग्यसेविका आली तर ती दुपारी येणार. त्या वेळी बायको धुण्याभांड्यांच्या कामावर आणि मुलगी शाळेत. उरली म्हातारी. तिला काय समजले आणि तिने काय सांगितले, यावर चार जीवांची नोंद ठरणार. पुढे क्षकिरण छायाचित्रासाठी एका ठिकाणी जावयाचे, कातडीवरील चाचणीसाठी दुसरीकडे, आणि ती चाचणी वाचून घेण्यासाठी दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेथेच. प्रत्येक खेपेस बायकोचा खाडा आणि खाड्याचा पैसा. बरे, हे सारे कशासाठी? घरात कोणी आजारी नाही! ज्याला काही होत नाही त्याने कामधंदा सोडून रांगेत का उभे राहावे, हे तिला पाच मिनिटे खाली बसून समजावून सांगणारे माणूस भेटले नाही, तर तिसऱ्या खेपेला ती जाणार नाही. आणि आम्ही तिला दोष देणार नाही. त्या तीन वर्षांच्या मुलाला तर चाचणीचीही गरज नाही. त्याला क्षय झालेला नाही एवढी खात्री करून औषध सुरू करावयाचे, असा नियमच आहे. तरीही चाचणीच्या नावाखाली सर्वांत आधी मागे पडते ते बहुधा हेच मूल. जन्मतः टोचलेली बीसीजी आहे ना, या समजुतीवर घरचे व पुष्कळदा डॉक्टरही स्वस्थ राहतात. बीसीजी बाळाला क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून वाचविते हे खरे. पण फुफ्फुसाच्या क्षयापासून मोठ्या माणसांना तिचे संरक्षण मिळत नाही, हे १९६८ मध्ये चिंगलपेट येथे सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत दिसून आले.

आणि लोकलज्जेचे काय? खांद्यावर पिशवी घेतलेली बाई कोणाच्या दाराशी थांबली, हे चाळीत अर्ध्या तासात सर्वांना ठाऊक होते. मग मुलीच्या लग्नाची गोष्ट निघते, सुनेला माहेरी धाडण्याची भाषा होते. गुप्तता पाळणे ही वरकरणी सभ्यता नसून उपचाराचाच भाग आहे, हे ज्या कार्यालयात कळत नाही तेथे नोंदवहीतील रकाने भरतील; माणसे मात्र दारे लावून घेतील.

आमच्या वाचकवर्गाला, म्हणजे नोकरीपेशाच्या सुशिक्षित मंडळींना, हे सर्व दूरचे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. संधिवातावर किंवा आतड्याच्या जुनाट दाहावर आज जी महागडी जैविक औषधे दिली जातात, त्यांतील काहींनी छातीत झोपलेला क्षय जागा होतो. म्हणून चांगले डॉक्टर अशा रोग्याची सुप्त संसर्गासाठी तपासणी केल्याखेरीज पहिले इंजेक्शन देत नाहीत. तपासणी, निकाल, सल्ला, औषध, पुन्हा भेट: सारे काही ठरल्या वेळी व एकाच छपराखाली होते. म्हणजे पायऱ्या न गळता हा उपचार करणे या शहराला जमते. ते कोणासाठी जमते आणि कोणासाठी जमत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे. शिवाय मुंबईतील क्षयरोग्यांचा मोठा हिस्सा खासगी डॉक्टरांकडेच जातो. त्यांनी रोग्याची नोंद सरकारला कळविणे २०१२ पासून सक्तीचे आहे. बहुतेक डॉक्टर ती कळवितातही. पण आपल्या रोग्याच्या घरी कोण कोण आहे, त्यांत पाच वर्षांखालचे मूल आहे काय, हा प्रश्न किती सल्लागार आपल्या टेबलावर विचारतात? येथे सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही.

या उपचारावर काही प्रामाणिक आक्षेप आहेत आणि ते टाळणे आम्हांस उचित वाटत नाही. पहिला असा की, निरोगी माणसाला यकृतास अपाय करू शकणारे औषध द्यावयाचे. हा धोका थोड्यांना, पण खरोखर असतो. वाढत्या वयात व मद्य घेणाऱ्यांत तो अधिक. म्हणूनच आधी नीट तपासणी हवी, भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली तर औषध थांबवून ताबडतोब या, असे प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगणे हवे, आणि दर महिन्याला कोणीतरी विचारणा करावयास हवे. हे जेथे करता येत नाही तेथे गोळ्यांच्या पाकिटांचा नुसता वाटप करू नये, असेच आम्ही म्हणू. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत सुमारे २७,००० कामगारांचा समावेश असलेल्या एका चाचणीत नऊ महिने आयसोनियाझिड देण्यात आले. २०१४ मध्ये निकाल लागला तो निराशाजनक. औषध चालू असेतो संरक्षण मिळाले, औषध थांबताच ते ओसरले आणि खाणीतील क्षयाचे एकूण प्रमाण कमी झाले नाही. अलास्कात १९ वर्षे आणि येथे काही महिने, असे का? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे एक मोठे कारण असे की, अलास्कात त्याच काळात रोगी हुडकून बरे करण्याचे काम झपाट्याने चालले होते, तर खाणीत धूळ, दाटी व नवनवा संसर्ग यांना खंड नव्हता. मुंबई यांपैकी कशासारखी आहे, हे मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींच्या अंधाऱ्या बोळांतून एकदा चालून आलेल्याला सांगावे लागणार नाही. ज्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, तेथील माणसाला गोळी देऊन पुन्हा त्याच हवेत सोडले तर गोळीने किती करावे? रोगी लवकर शोधणे व इमारतींना हवा-उजेड देणे यांच्या जोडीनेच हा उपचार फळेल. पोटाचेही तसेच. झारखंडात अनुराग व माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात रोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. ज्या घरांना तांदूळ-डाळीचा जादा शिधा मिळाला तेथे घरच्यांतील क्षय शेकडा ३९ ने घटला. शिध्याच्या पिशवीने एवढे काम केले!

तरीही आक्षेप आहेत म्हणून हात बांधून बसावे, हे आम्हांस मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या बैठकीत जगाने पाच वर्षांत ३ कोटी लोकांना हा उपचार देण्याचे ठरविले. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत ठरल्याहून अधिक काम झाले. घरच्या माणसांच्या बाबतीत २ कोटी ४० लक्षांपैकी पाचवा हिस्साही गाठला गेला नाही. औषध दोहोंकडे तेच होते. एचआयव्हीचा रोगी दवाखान्यात येतच असतो. घरच्या माणसांकडे दवाखान्याला जावे लागते. जेथे आपण होऊन जावयाचे तेथे आपण गेलो नाही. कॅनडापासून घाना-इंडोनेशियापर्यंत पाच देशांतील केंद्रांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रत्येक केंद्राने प्रथम आपली गळती कोणत्या पायरीवर आहे ते मोजले, मगच उपाय निवडले. उपाय साधेच: घरभेटी, कर्मचाऱ्यांचे शिक्षण, नोंदवहीची दुरुस्ती. औषध सुरू होणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. नवे साहित्यही आपल्या हाताशी आहे. बीसीजीमुळे फसवी न ठरणारी सीवाय-टीबी ही कातडीवरील चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. पण तीही दोन दिवसांनी वाचावी लागते, आणि ती वाचावयास कोणी त्या बिऱ्हाडी संध्याकाळी सातनंतर जाणार आहे काय, यावर सारे अवलंबून आहे. २०२४ च्या पूर्वार्धात खुद्द रोग्यांच्याच औषधांचा अनेक राज्यांत तुटवडा पडला होता. पुन्हा तसे झाले तर निरोग्याची गोळी सर्वांत आधी बंद होईल, आणि अर्ध्यावर औषध तुटलेले ते कुटुंब पुढच्या खेपेस दार उघडणार नाही.

म्हणून आमची मागणी थोडक्यात ही आहे. आज जाहीर होतात ते नोंदलेल्या रोग्यांचे व औषध सुरू केलेल्यांचे आकडे. मुंबई महानगरपालिकेने प्रत्येक विभागाचे पाच आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत: किती रोगी नोंदले, त्यांच्या घरी माणसे किती व त्यांत पाच वर्षांखालील मुले किती, त्यांपैकी किती जणांची तपासणी पुरी झाली, किती जणांचे औषध सुरू झाले, आणि किती जणांनी ते पुरे केले. खासगी डॉक्टरांच्या रोग्यांची घरेही त्यांतून वगळू नयेत. कोणाचे नाव नको, पत्ता नको; नुसते आकडे. ज्या विभागात पहिल्या व तिसऱ्या आकड्यांत मोठे अंतर दिसेल तेथे संध्याकाळच्या घरभेटींसाठी माणसे द्यावीत आणि त्यांच्या पगाराची तरतूद पुढील अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी.

येत्या २४ मार्चला जागतिक क्षयदिन आहे. त्या दिवशी शिवडीपासून मंत्रालयापर्यंत भाषणे होतील, फेऱ्या निघतील. त्या दिवसापूर्वी हे पाच आकडे आमच्याकडे आले, तर ते जसे असतील तसे, विभागवार, याच पानावर आम्ही छापू. न आल्यास तेवढी जागा कोरी सोडू.